झुनी जडावकाम: चांदीची भिंत हवी की दगडाला दगड?

अमेरिकेच्या न्यू मेक्सिको राज्यातल्या झुनी प्वेब्लोच्या (झुनी या मूलनिवासी जमातीचे गाव) कारागिरांची अंगठी घेताना आधी दोन खड्यांमधली रेघ पाहा. तिथे चांदी चमकत असेल, तर ते चॅनेल काम. रेघ काळी किंवा जवळजवळ दिसतच नसेल, तर दगडाला दगड भिडवलेला आहे.

चॅनेलमध्ये आधी चांदीच्या पातळ पट्ट्या पत्र्यावर उभ्या डाख देऊन घरे पाडतात. आचेने फिरोजा रंग बदलतो, तडकतोही, म्हणून डाखाचे सगळे काम उरकल्यावरच खडे येतात. प्रत्येक तुकडा घराच्या मापाने घासून चिकटवायचा आणि शेवटी चांदीसकट सपाट घासायचा. कडांना भिंतीचा आधार असल्याने रोजच्या वापराला हेच बरे.

दुसऱ्या पद्धतीत चूक झाकायला भिंत नाही. सूर्यमुखाच्या (सूर्याचा चेहरा असलेल्या) लटकनात फिरोजा, पोवळे, जेट (कोळशासारखे काळे रत्न) आणि शिंपला शेजारी बसतात, पण कठीणपणा सारखा नसतो: १ ते १०च्या मोह्स मोजपट्टीवर फिरोजा साधारण ५ ते ६, पोवळे ३ ते ४. घासताना हात जड पडला की पोवळे आधी खाली जाते आणि पृष्ठभागावर खळगा राहतो. बोटाचे नख आडवे फिरवा, अडखळले तर काम कच्चे. चेहऱ्याचे बारकावे मात्र इथेच खुलतात. लटकनासाठी मी डोळे झाकून हेच घेईन.

दोन्ही प्रकार अल्ट्रासॉनिक यंत्रात किंवा चांदी उजळायच्या द्रावणात कधीच घालू नका. चिकटा सुटतो, पोवळ्याची चमक जाते. कोरडे मऊ फडके पुरते.