मोटरहोमचे पडदे : दोऱ्या बदलाव्यात की पडदेच? अकरा महिन्यांचा अनुभव

आम्ही टेक्सासमध्ये राहतो. आमच्या 2006 सालच्या मोटरहोमला, म्हणजे राहण्याची सोय असलेल्या वाहनाला, सात खिडक्या असून सगळ्यांना मूळचे चुण्यांचे दुहेरी पडदे होते, म्हणजे एक भाग उजेड आत येऊ देणारा आणि दुसरा रात्रीसाठी जाड. गेल्या जानेवारीत अ‍ॅरिझोनातील क्वार्टझसाइटला मुक्काम असताना दोन पडदे एका बाजूने लोंबू लागले, तेव्हा पाच पडद्यांच्या दोऱ्या बदलायच्या आणि दोन खिडक्यांना नवे रोलर पडदे (वर दांड्यावर गुंडाळले जाणारे) बसवायचे असे ठरवले.

या पडद्यांची रचना समजून घेतली की दुरुस्ती सोपी होते. दोऱ्या चुण्यांमधल्या छिद्रांतून आणि धातूच्या पट्ट्यांमधून जातात व त्यांची टोके खिडकीच्या खाली भिंतीवर स्क्रूने बसवलेल्या प्लास्टिकच्या गुंड्यांना बांधलेली असतात. पडदा हव्या त्या उंचीवर थांबतो तो केवळ या दोऱ्यांच्या ताणामुळे होणाऱ्या घर्षणाने. म्हणून दोरी सैल पडली तर पडदा घसरतो आणि फार ताणली तर पट्टीच्या कडेवर झिजून तुटते. आमच्या दोन्ही दोऱ्या नेमक्या त्या ठिकाणी तुटल्या होत्या, जिथे छिद्रातली प्लास्टिकची छोटी कडी फुटून उघडा धातू दोरीला घासत होता. केवळ दोरी बदलून कडी तशीच ठेवली असती, तर सगळे श्रम वाया गेले असते.

मूळ दोरी 0.9 मिमीची होती आणि मी तेवढ्याच जाडीची पॉलिस्टरची दोरी घेतली. पडदा उतरवण्यापूर्वी प्रत्येक दोरीचा मार्ग छायाचित्रात टिपून ठेवावा, ही माझी आग्रहाची विनंती आहे. पहिल्या पडद्याला मी तसे केले नाही आणि चार तास गेले, तर नंतरच्या प्रत्येकाला साधारण दीड तास पुरला. दोरी ओवण्यासाठी दाभणापेक्षा बोथट टोकाची पातळ तार बरी, कारण दाभणाने छिद्राची कड फाटते. एकच दोरी तुटली असली तरी त्या पडद्याच्या सगळ्या दोऱ्या बदलाव्यात, कारण उरलेल्यांनीही तेवढेच ऊन सोसलेले असते.

या पाचही पडद्यांनी अकरा महिन्यांत एकदाही त्रास दिला नाही. मार्चमध्ये एक थोडा घसरू लागला होता, पण गुंडीवर दोरीचा आणखी एक वेढा देताच तो जागेवर राहू लागला.

रोलर पडदे झोपण्याच्या खोलीत आणि जेवणाच्या टेबलाजवळ आहेत, कारण त्या खिडक्या आम्ही दिवसातून अनेकदा उघडतो व मिटतो. एका हाताने पडदा वर जातो आणि कापड पुसून स्वच्छ होते, हे सुख मोठे आहे. मात्र दोन्ही कडांना अर्ध्या इंचाची फट राहून पहाटेचा उजेड आत येतो, आणि खाली सोडलेला पडदा वाहन चालू असताना भिंतीवर आपटत राहतो, जे दोऱ्यांनी बांधलेल्या जुन्या पडद्यांच्या बाबतीत कधीच होत नव्हते. दुहेरी रोलरसाठी खिडकीवरच्या झालरीच्या पेटीत पुरेशी जागा लागते; आमच्याकडे ती नसल्याने एकेरीवर भागवावे लागले. एका रोलर पडद्याच्या किमतीत पाच पडद्यांच्या दोऱ्या आल्या आणि तरी पैसे उरले.

कापड शाबूत असेल तर दोऱ्याच बदलाव्यात, असे माझे मत आहे. चुण्यांचे कापड ऊन खाऊन बोटाने दाबताच चिरू लागले असेल, तर मात्र त्यावर श्रम करू नयेत. लवकरच टेबलाजवळच्या रोलरला खाली अडकवण्यासाठी मी दोन हुक बसवणार आहे.