बिझनेस इंग्लिशचा क्लास: मीटिंग भारी शिकवल्या, ‘कल्चर’चा भाग सोसो

आधीच सांगतो, ग्रामर सुधारायला जाणार असाल तर हा क्लास नको, त्यासाठी इथं बेळगावात, टिळकवाडीत गल्लोगल्ली क्लास आहेत. मी गेलो ते मीटिंगसाठी. उद्यमबागेत मशीन शॉपमध्ये क्वालिटी बघतो, कास्टिंग (ओतीव भाग) बाहेरच्या फौंड्रीतून येतं, मशिनिंग आमच्याकडं, आणि बराचसा माल जर्मनीला जातो. दर आठवड्याला टीम्सवर ऑनलाइन मीटिंग. मालक म्हणाले तू जा की शिकायला, म्हणून गेलो. क्लासचं नाव लिहीत नाही, कारण खाली तक्रार पण आहे.

सगळ्यात कामाचा भाग म्हणजे रोल प्ले. मॅडम जर्मन खरेदीदार, आम्ही सप्लायर, माल लेट झालाय. त्यांनी विचारलं माल कधी मिळणार. निपाणीचे एक काका उठले आणि सुरू झाले, पावसानं वाळू ओली, मग पॅटर्न दुरुस्तीला गेला, मग लाईट गेली, मग ब्लो होल म्हणजे कास्टिंगमध्ये हवेची भोकं निघाली, मग कास्टिंग घासून साफ करणारे फेटलिंगवाले गावाकडं यात्रेला... मॅडम नुसत्या पेन धरून बसलेल्या. सगळं संपल्यावर परत तोच प्रश्न, कधी? काकांनी परत वाळूपासून सुरू केलं. सगळा वर्ग हसला, पण खरं सांगायचं तर आमच्या मीटिंगांत रोज हेच चालतं. मग त्यांनी क्रम दिला: पहिली तारीख, मग किती नग, मग कारण एका वाक्यात, मग परत होऊ नये म्हणून काय केलं.

क्वालिटीवाल्यांना हे लगेच कळेल. 8डी रिपोर्ट, म्हणजे माल खराब निघाला की कस्टमरला द्यायचा आठ टप्प्यांचा कागद, आपण वर्षानुवर्षं भरतो, त्यात डी3 म्हणजे खराब माल आधी अडवला का, आणि डी4 म्हणजे मूळ कारण. कागदावर बरोबर लिहितो, पण तोंडानं बोलायला लागलो की डी3 उडी मारून थेट डी4 ची कहाणी. कस्टमरला पहिल्या मिनिटाला डी3 च हवा असतो. ही एवढी गोष्ट पकडल्यापासून आमच्या मीटिंगा निम्म्यात संपायला लागल्या, अतिशयोक्ती नाही.

दुसरं म्हणजे अजेंडा आदल्या दिवशी पाठवायचा आणि जे ठरलं ते त्याच दिवशी पाच ओळींत मेल करायचं, कोण, काय, कधीपर्यंत. साधं वाटतं, पण मालक फोनवर कुणाला काय बोललेत हे नंतर शोधत बसायला लागत नाही.

आता तक्रार. ‘कल्चरल डिफरन्सेस’ म्हणून जो भाग आहे तो म्हणजे नुसते तक्ते. जपानी लोकांना व्हिजिटिंग कार्ड दोन्ही हातांनी द्यायचं, घेतलेलं लगेच खिशात कोंबायचं नाही. बरोबर आहे ते, पण एक अख्खी संध्याकाळ आम्ही एकमेकांना कार्डं देत बसलो आणि वर्गातल्या एकाचाही जपानी कस्टमर नाही, वर सगळ्यांच्या मीटिंगा स्क्रीनवर, कार्ड देणार कुठून? पुस्तक अमेरिकन, त्यात पहिल्या भेटीपासून पहिल्या नावानं हाक मारा असं लिहिलेलं, पण जर्मनांशी पहिल्यांदा आडनावानंच बोललेलं बरं, हे मी विचारलं तेव्हा मॅडम म्हणाल्या हो ते पण आहे. मॅडमनाच नावानं हाक मारायची म्हणून सराव ठेवला होता, काका म्हणाले, ‘तेवढं सोडून काय पण सांगा ओ मॅडम.’

मग हॉफस्टेड, देशोदेशीच्या कल्चरला आकडे देणारा डच संशोधक. पॉवर डिस्टन्स म्हणजे वरच्यापुढं खालचा किती दबून असतो, त्यात भारत 77, जर्मनी 35. आकडा ऐकून पटलं, मालक मीटिंगला बसले की आमचा सुपरवायझर तोंड उघडत नाही आणि समोरचा जर्मन पोरगा इंजिनियर स्वतःच्या साहेबाचं बोलणं मध्येच दुरुस्त करतो. पण ते सर्व्हे 1967 ते 1973 च्या दरम्यान आयबीएमच्या कर्मचाऱ्यांचे, हे शिकवताना सांगायला नको? आणि ‘भारत’ म्हणून एकच डबा. बेळगावचा माणूस सकाळी ऑपरेटरशी मराठीत, सरकारी ऑफिसात कानडीत, युपीच्या पोरांशी हिंदीत बोलतो, आणि प्रत्येक ठिकाणी आवाज, अदब, मस्करी, सगळं वेगळं. सही अडली की ‘स्वल्प अ‍ॅडजस्ट माडी’ (कानडीत, थोडं जमवून घ्या), तेच फौंड्रीवाल्याला शिवी हासडून तारीख काढणार. भारतीय आडून बोलतात म्हणे, आमच्या भंगारवाल्याला भाव विचारून बघा एकदा. जो माणूस दिवसभर हे करतोय त्याला जर्मन कस्टमर म्हणजे आणखी एक गिऱ्हाईक, त्यावर वर्गात बोललो असतो तर मजा आली असती, पण सिलॅबस संपवायचा होता.

कामाच्या काही गोष्टी तर शिकवल्याच नाहीत. जर्मनीत मार्च आणि ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी घड्याळ बदलतं, उन्हाळ्यात आपण साडेतीन तास पुढं, हिवाळ्यात साडेचार. मीटिंग त्यांच्या सकाळी 10 ला असेल तर आपल्याकडं दीडची अडीच होते. आमची टीम नोव्हेंबरात जेवण टाकून तासभर रिकाम्या स्क्रीनपुढं बसली होती. सुट्ट्यांचं पण तसंच, ऑगस्टमध्ये तिकडचे अर्धे लोक रजेवर, आणि आपल्याकडं गणपतीत अकरा दिवस बेळगावात गाडी वेळेवर निघेल याची खात्री कोण देणार. आता वर्षाच्या सुरुवातीलाच दोन्हीकडच्या सुट्ट्यांचं कॅलेंडर एकमेकांना पाठवतो, ही युक्ती मात्र वर्गातल्याच एका शिपिंगवाल्या पोरीची.

फी कमी नाही. ज्याला खरंच दर आठवड्याला बाहेरच्या कस्टमरपुढं बसायला लागतं त्यानं डोळे झाकून रोल प्लेसाठी जावं, नुसतं सर्टिफिकेट हवं असेल तर केंब्रिजची बिझनेस इंग्लिशची परीक्षा थेट द्या, बी1, बी2, सी1 अशा लेव्हल आहेत, कंपन्यांना ते लवकर कळतं. संध्याकाळच्या बॅचला गर्दी फार, बोलायची पाळी येत नाही, रविवार सकाळची घ्या. आणि पावती कंपनीच्या नावानं जीएसटी नंबर घालून मागा, मला पैसे परत मिळायला त्यावरनंच महिना लागला.