रिअरसेट बसवताना मी गाडीपाशीच उभं राहायला हवं होतं

गेलेल्या पैशांचं आता फारसं काही वाटत नाही. राग येतो तो त्या एका तासाचा. ‘साहेब, तासाभराने या, गाडी तयार ठेवतो,’ असं दुकानदार म्हणाला आणि मी मुकाट्याने निघून गेलो. जे काही झालं ते त्या तासात झालं, आणि ते पूर्ण उलगडायला मला जवळजवळ दोन महिने लागले.

मोटरसायकलचं मूळ हँडल काढून मी क्लिप-ऑन, म्हणजे खाली बसणारे दोन सुटे हँडल, लावले होते. हात खाली गेले, पाय मात्र जुन्याच जागी, पुढे. अर्ध्या तासात कंबर बोलायला लागायची. म्हणून रिअरसेट घ्यायचं ठरवलं, म्हणजे फुटरेस्ट मागे आणि वर नेणारा सेट. ॲडजस्टेबल सेटच्या प्लेटवर बरीच भोकं असतात, पेग (पाय टेकायची दांडी) एका भोकातून काढून दुसऱ्यात बसवला की पायाची जागा बदलते. पण उजव्या प्लेटवर नुसता पाय टेकत नाही. मागच्या ब्रेकचं पेडल, ब्रेक ऑइल ढकलणारा मास्टर सिलिंडर, पेडलचा जोर त्याच्या पिस्टनवर नेणारी दांडी म्हणजे पुशरॉड, ब्रेक लाइटचा स्विच, हा सगळा संसार त्या एका प्लेटवर मांडलेला असतो. हे मला माहीत होतं. तरी दुकानात उभा राहून मी विचार कसला करत होतो? काळा घ्यावा की लाल.

काउंटरवरचा नमुना खरोखर चांगला होता. कटरच्या बारीक एकसारख्या रेघा, कडा स्वच्छ. ‘७०७५ आहे, अखंड ठोकळ्यातून कापलेला. तुमच्याच मॉडेलचा, काही कापाकापी नाही.’ मी घरून आकडे पाठ करून गेलो होतो. ७०७५-टी६ म्हणजे जस्त मिसळलेलं ॲल्युमिनियम, कायमचं वाकायला साधारण ५०० मेगापास्कल ताण लागतो. ६०६१-टी६ या दुसऱ्या, कमी ताकदीच्या ॲल्युमिनियमला २७५ च्या आसपास. त्यामुळे त्याने ७०७५ म्हणताच मी खूश. आकडे पाठ करून आलेल्या गिऱ्हाइकाला गंडवायला बहुधा फार कष्ट पडत नसावेत, त्याचाच आकडा त्याला ऐकवला की काम झालं.

पुढचं वाक्य खरा गळ होता: ‘फिटिंग फुकट. बाहेर बसवलंत तर मात्र वॉरंटी नाही.’ म्हणजे खोका त्यांनी उघडायचा, मी बघायच्या आत माल गाडीवर चढलेला असायचा, आणि मालाची मागची बाजू फ्रेमला चिकटलेली.

परत आलो तेव्हा गाडी देखणी दिसत होती. जुने भाग एका पिशवीत दिले. गिअर लिव्हर, त्याची काडी, डावं ब्रॅकेट. उजवं ब्रॅकेट आणि मूळ बोल्ट नव्हते. ‘जाम झालं होतं साहेब, काढताना मोडलं. भंगारात टाकलं.’ मी मान डोलावली. बिलावर लिहिलं होतं, ‘ॲक्सेसरीज, १ नग’. तेही घडी करून खिशात घातलं. फिटरने पेडल हाताने दाबून दाखवलं, ‘बघा, ब्रेक कसा कडक झालाय.’ मला वाटलं, वा.

दोन-तीन दिवसांनी मागून येणारा मित्र सिग्नलला शेजारी येऊन म्हणाला, ‘अरे, पायाने ब्रेक मारतोस तेव्हा तुझा मागचा लाइट लागतच नाहीये.’ घरी वाकून बघितलं. जुन्या पेडलला एक बारीक स्प्रिंग अडकवलेली असे, पेडल खाली गेलं की ती स्विच ओढायची. नव्या पेडलला ती अडकवायला भोकच नव्हतं. मग फिटरने काय करावं? स्विच स्प्रिंगसकट केबल टायने फ्रेमला बांधून टाकला होता, बाहेरून दिसणार नाही असा. ‘तुमच्याच मॉडेलचा’ याचा अर्थ हा. फोन केला तर उत्तर, ‘पुढचा ब्रेक दाबला की लागतो ना? मग झालं.’ तेव्हाच गाडी परत न्यायला हवी होती. नाही नेली. नवीन वस्तूवर जीव जडलेला असतो, खोट दिसली तरी आपणच तिची बाजू घेतो. मी दाबावर चालणारा स्विच शोधत बसलो. तो ब्रेकची नळी जोडणाऱ्या पोकळ बोल्टच्या, म्हणजे बॅन्जो बोल्टच्या, जागी बसतो, पण १० मिलिमीटरच्या त्या बोल्टच्या दोन आट्यांमधलं अंतर कुठे १ मिलिमीटर असतं, कुठे १.२५. न मोजता घेतलात तर आटे खराब करून बसाल.

पुढचा प्रकार मात्र जिवावरचा होता. रविवारी सकाळी लांब निघालो होतो. साठेक किलोमीटर झाल्यावर गाडी ओढेनाशी झाली. मागचा ब्रेक लावायला गेलो तर पेडल दगडासारखं, खालीच जाईना. त्यात जळका वास. कडेला थांबलो, मागचं चाक उचलून फिरवायचा प्रयत्न केला, ते हललं नाही. डिस्क कडेने निळसर पडली होती. बाटलीतलं पाणी शिंपडलं तर चर्र आवाज होऊन क्षणात उडालं. (तापल्या डिस्कवर पाणी टाकू नये, ती वाकू शकते. पण तेव्हा डोकं ठिकाणावर नव्हतं.)

ओळखीच्या मेकॅनिकला फोन लावला. तो म्हणाला, ‘थंड होऊ द्या, मग मास्टर सिलिंडरचे दोन्ही बोल्ट दोन-दोन आटे सैल करा.’ केले. सिलिंडर किंचित वर सरकला आणि चाक सुटलं. तिथेच कळलं की ‘कडक ब्रेक’ म्हणजे काय होतं ते. पाय काढल्यावर मास्टर सिलिंडरचा पिस्टन पूर्ण मागे यावा लागतो, तेव्हाच ऑइलला टाकीकडे परत जाणारं बारीक छिद्र उघडतं. फिटरने पुशरॉड इतका लांब करून ठेवला होता की पाय नसतानाही पिस्टन थोडा दाबलेलाच. छिद्र बंद. पॅड डिस्कला हलकेच घासत राहिले, डिस्क तापली, ऑइल तापून फुगलं, त्याला जायला वाट नाही म्हणून त्याने पॅड आणखी दाबले, मग आणखी ताप. वेगात असताना चाक धरलं असतं तर हे लिहायला मी नसतो. पुशरॉड आणि पिस्टनमध्ये थोडी मोकळी चाल लागतेच, अगदी मिलिमीटरभर का होईना. नेमकी किती ते गाडीच्या मॅन्युअलमध्ये असतं. पेडल दाबायला सुरुवात केल्यावर ती बोटाला जाणवते. माझ्या गाडीत ती शून्य होती, आणि मी तिलाच ‘वा’ म्हणालो होतो.

पुशरॉड जुळवला तर ब्रेक उलट कमी लागायला लागला. पट्टी घेऊन बसलो. नवं पेडल ज्या खिळीभोवती फिरतं तिथपासून पायाच्या जागेपर्यंत १२० मिलिमीटर, पुशरॉडपर्यंत ३०. म्हणजे पायाचा जोर चौपट होऊन पिस्टनवर पडणार. मित्राच्या त्याच मॉडेलवर मूळ पेडल मोजलं, १५० आणि ३०, पाचपट. तेवढाच पाय दाबून पाचव्या हिश्श्याने कमी ब्रेक, आणि विकताना म्हणे ‘शॉर्ट, स्पोर्टी पेडल’. शून्य चाल ठेवून आणलेल्या कडकपणाखाली हे झाकलं गेलं होतं. ते मुद्दाम होतं की फिटर अडाणी होता, हे मी आजही ठरवू शकलेलो नाही.

शेवटचा पडदा घरच्या पार्किंगमध्ये उघडला. साइड स्टँडवर उभी असलेली गाडी हळूच उजवीकडे कलंडली. वेग नाही, काही नाही. कट्ट आवाज आला आणि पेगसकट प्लेटचा तुकडा जमिनीवर. ठोकळ्यातून कापलेलं ॲल्युमिनियम अशा हलक्या माराने सहसा आधी वाकतं. हे बिस्किटासारखं मोडलं. तुटलेली बाजू राखाडी, दाणेदार, आणि आत टाचणीच्या डोक्याएवढी तीन पोकळ भोकं. उरलेली प्लेट काढून मागची बाजू पाहिली तर साच्यातून माल बाहेर ढकलणाऱ्या पिनांचे गोल ठसे आणि कडेने साच्याच्या जोडाची रेघ. कानस मारली, तर काळा थर ॲनोडायझिंगचा (धातूच्याच पृष्ठभागावर तयार केलेला कडक थर) नव्हता, साध्या रंगासारखा पापुद्रे होऊन निघाला. ओतीव माल. बोल्टच्या डोक्यावर ८.८ वगैरे ताकदीचा कसलाही शिक्का नाही, नुसते चकचकीत.

तुकडा घेऊन दुकानात गेलो. काउंटरवर तोच सुंदर नमुना ठेवलेला. ‘साहेब, गाडी पडल्यावर काहीही तुटतं.’ मी ७०७५ म्हटल्यावर म्हणाला, ‘बिलावर लिहिलंय का?’ नव्हतं लिहिलेलं.

तुम्हाला असा सेट बसवायचाच असेल तर बिलावर धातूचं नाव आणि गाडीचं मॉडेल दोन्ही लिहून घ्या; लिहायला टाळाटाळ झाली तर तिथूनच मागे फिरा. खोका आपल्या हाताने उघडून प्लेट उलटी करून बघा. पुढून सगळेच सेट गोड दिसतात. काम चालू असताना तिथेच उभं राहा, कोणी कितीही ‘तासाभराने या’ म्हटलं तरी. जुना प्रत्येक बोल्ट मोजून परत घ्या. निघण्यापूर्वी मागचं चाक उचलून फिरवा, पेडल दाबा, सोडा, पुन्हा फिरवा. कोणाला तरी मागे उभं करून फक्त पायाने ब्रेक मारा आणि लाइट बघायला सांगा. दहा मिनिटांचं काम आहे.

मी सध्या जुन्या भागांच्या दुकानातून मिळवलेल्या मूळ सेटवर गाडी चालवतोय. कंबर पुन्हा बोलते. तक्रार केली आहे, सोबत तुटक्या बाजूचे फोटो आणि मापं. त्यानंतर दुकानदाराचा दोनदा फोन आला, आवाज एकदम मऊ. ‘साहेब, तो तुटलेला तुकडा आणून द्या ना, कंपनीला पाठवतो, बदलून मिळेल.’ पुरावा हातचा जाऊ द्यायला मी आता तयार नाही. दुसऱ्यांदा मी म्हटलं, ‘देतो की. आधी माझं उजवं ब्रॅकेट दाखवा, मोडलेलं.’

फोन कट झाला.