भिंत रंगवायची की तुकड्यांनी मढवायची?

लोकांना हाताशी घेऊन एखादी भिंत सजवायची ठरली, की चर्चा बहुधा दोन पर्यायांवर येऊन थांबते: रंगाचं भित्तिचित्र किंवा टाइलच्या तुकड्यांचं मोझेक. मी रंगाचं काम दोनदा केलं, मोझेक तीनदा. आकड्यांवरून माझा कल कळलाच असेल, तरी रंगावर अन्याय नको.

रंगाला वेग आहे. चौकोन आखून चित्र मोठं केलं आणि आकृत्यांत रंगांचे नंबर टाकले, की कधी ब्रश न धरलेला माणूसही दहा मिनिटांत कामाला लागतो. लांबलचक भिंतीला तर रंगच सोयीचा. चित्रकार ज्युडी बाका यांनी १९७६ पासून चारशेहून जास्त तरुणांना घेऊन लॉस एंजेलिसमधल्या पूरनाल्याच्या भिंतीवर इतिहास रंगवला, तो २,७५४ फूट भरतो. परांचीवर चढायला म्हातारे-कोतारे धजत नाहीत, ही अडचण खरी. त्यावर अमेरिकेतल्याच फिलाडेल्फिया शहरातल्या भित्तिचित्रं करणाऱ्या मंडळींनी तोडगा काढलाय: पॅराशूटच्या कापडावर टेबलाशी बसून रंगवायचं आणि मग ते कापड भिंतीला चिकटवायचं.

पण माझं घोडं अडलं ते टचअपपाशी. दिवसभर लोक रंगवतात, संध्याकाळी घरी जातात. मग आपण एकटेच भिंतीसमोर उभे. इथे रंग ओघळलाय, तिथे कडा वाकडी गेलीय. ‘एवढं जरा नीट करू’ म्हणत मी रात्री अकरापर्यंत ब्रश चालवला होता. उद्घाटनाला एक आजी आल्या. चित्रातल्या झाडाच्या खालच्या फांदीवर बोट फिरवत म्हणाल्या, “माझं पान कुठं गेलं रे?” त्यांनी पानाला मधोमध पिवळी रेघ ओढली होती, नंबरात नसलेली. मीच ती झाकली होती. “आहे की आजी, हेच ते,” मी म्हणालो. त्या हसल्या, पण बोट तिथून पुढे सरकलं.

मोझेकमध्ये हा मोह होतच नाही असं नाही. हात पोचत नाही एवढंच. चिकटून वाळलेला तुकडा काढायचा म्हणजे छिन्नी-हातोडी आली. तेवढा आळस माझ्यात आहे, आणि तोच पथ्यावर पडतो. वाकडा बसलेला तुकडा वाकडाच राहतो आणि फटींत ग्राउट (सिमेंटचा लगदा) भरल्यावर छान दिसतो. शिवाय सगळं काम खाली बसून: चित्रावर प्लास्टिक, त्यावर फायबरची जाळी, जाळीवर तुकडे. मग जाळीचे भाग कापून भिंतीवर चढवायचे. माणसं समोरासमोर बसतात, गप्पा रंगतात. घरातली फुटकी कपबशीही कोणी आणून देतं.

त्रास आहेच. तुकड्यांच्या कडा बोटं कापतात, चष्मा आणि हातमोजे सगळ्यांना सक्तीचे. लहान पोरांना तोडायला देऊच नका, आधीच तोडलेले तुकडे चिकटवू द्या. काम रंगाच्या तिप्पट रेंगाळतं, निदान माझं तरी. आणि उघड्यावरच्या भिंतीसाठी जाळीवर साधा पांढरा गोंद वापरू नका, ओलीने तो पुन्हा मऊ होतो. आमचा एक मासा असाच शेपटीकडून सुटला.

हाताशी दोनच दिवस असतील किंवा भिंत उद्या-परवा पाडली जाणार असेल, तर खुशाल रंग घ्या. चित्र तुमच्या मनातल्यासारखंच हुबेहूब उतरायला हवं असेल, तरीही रंगच बरा. नाहीतर एकदा तुकडे घेऊन बसून बघा, असं आपलं माझं मत.

त्या आजी पुढच्या वर्षी मोझेकलाही आल्या होत्या. त्यांनी निळ्या बशीचा तुकडा उलटा, खरखरीत बाजू वर करून बसवला. तो अजून तसाच आहे.