पंपाच्या शाफ्टसाठी सहा फुटी लेथ: वापरानंतरचे परीक्षण

रावेर, यावल, चोपडा या केळीच्या पट्ट्यात पंपदुरुस्तीसाठी लेथ (धातूचा तुकडा फिरवत कापण्याचे यंत्र) घ्यायला निघाले की विक्रेता सर्वांत आधी बेडची (यंत्राच्या लांब पायाची) लांबी आणि मोटरचा हॉर्सपॉवर सांगतो. आमच्या वर्कशॉपमध्ये राजकोटला बनलेला सहा फुटी, ऑल गिअर हेडस्टॉकचा (वेग गिअरने बदलणाऱ्या, जॉब फिरवणाऱ्या डोक्याचा) लेथ आहे आणि त्यावर सबमर्सिबल व टर्बाइन पंपांचे शाफ्ट, स्लीव्ह आणि बुश (शाफ्टवरची व त्याभोवतीची झिजणारी नळकांडी) यांचे काम नित्य चालते. त्या अनुभवावरून माझे स्पष्ट मत असे, की शाफ्टच्या कामासाठी लांबीपेक्षा स्पिंडलचे (हेडस्टॉकमधील फिरत्या पोकळ दांड्याचे) भोक आणि हेडस्टॉकचा सरळपणा यांना अधिक पैसे मोजावेत.

तापीकाठच्या गाळाच्या जमिनीतील बोअरमधून पाण्याबरोबर बारीक वाळू येते आणि ती स्लीव्ह व बुश खाते. त्यामुळे दुरुस्तीला आलेल्या शाफ्टचे बहुधा एखादे टोक किंवा बेअरिंगची बैठक तेवढीच करायची असते. सहा फुटी बेडवर दोन सेंटरच्या (जॉबची दोन्ही टोके धरणाऱ्या टोकदार आधारांच्या) मध्ये प्रत्यक्षात साधारण एक मीटरचाच जॉब (कापायचा तुकडा) बसतो, कारण उरलेली जागा हेडस्टॉक आणि टेलस्टॉक (दुसऱ्या टोकाला आधार देणारा भाग) व्यापतात. त्याहून लांब शाफ्ट स्पिंडलच्या आरपार घालून कामाचे टोक चकजवळ (जॉब पकडणाऱ्या जबड्यांजवळ) धरावे लागते. आमच्या लेथचे भोक 52 मिमी आहे, त्यामुळे टर्बाइन पंपाचा जाड लाइन शाफ्टही आत जातो आणि भोवती आधाराचा बुश बसवायला जागा उरते. 38 मिमी भोकाचा लेथ स्वस्त पडतो, पण 40 मिमीचा शाफ्ट आला की तो निरुपयोगी ठरतो. परवानाधारक बंदूक-दुरुस्ती करणारे कारागीरही लेथ निवडताना आधी हेच भोक पाहतात, कारण नळीचे तोंड किंवा मागचा भाग चकजवळ धरून काम करायचे असेल तर उरलेली नळी हेडस्टॉकमध्येच सामावावी लागते.

येथे सुरक्षिततेची एक गोष्ट सांगितलीच पाहिजे. स्पिंडलच्या मागून बाहेर राहिलेला शाफ्ट आधाराशिवाय जोरात फिरवला तर क्षणात वाकून चाबकासारखा फिरतो आणि शेजारी उभ्या माणसाला गंभीर इजा करू शकतो. म्हणून मागच्या तोंडाशी चार बोल्टचा आधार बसवावा, बाहेरचे टोक लांब असेल तर वेगळा स्टँड लावावा आणि फेरे कमीच ठेवावेत.

लेथबरोबर मिळालेला तीन जबड्यांचा चक रोजच्या बुशला पुरतो, मात्र शाफ्टला पुरत नाही. शाफ्ट चार जबड्यांच्या चकात धरून, डायल (डोलणे मोजणारे घड्याळ) लावून, त्याचे डोलणे दोन शतांश मिमीच्या आत आणावे लागते. चार जबड्यांचा चक आणि स्टेडी (लांब जॉबला मध्ये आधार देणारी चौकट) किमतीत धरलेले आहेत की नाही, हे आगाऊ रक्कम देण्यापूर्वीच लिहून घ्यावे.

हेडस्टॉकच्या बाबतीत हा लेथ मला समाधानकारक वाटला. त्याची परीक्षा कोणालाही करता येते. जाडसर बार चकात धरावा, टेलस्टॉकचा आधार देऊ नये, बारवर सुमारे 150 मिमी अंतरावर दोन कॉलर (उंच कडा) ठेवून हलका कट घ्यावा आणि दोन्हींचे व्यास मायक्रोमीटरने मोजावेत. फरक आला तर हेडस्टॉकला लगेच दोष देऊ नये. आधी लेव्हल लावून बेडचा पीळ पाहावा आणि फाउंडेशनच्या बोल्टवर तो काढावा.

टेलस्टॉक मात्र या यंत्राची कमकुवत बाजू आहे. त्याची पकड ढिली असून घट्ट करताना तो किंचित बाजूला सरकतो. दोन सेंटरमध्ये कापताना टेलस्टॉक जेवढा बाजूला जातो, त्याच्या दुप्पट फरक व्यासात पडतो, म्हणून प्रत्येक लांब जॉबच्या आधी आम्हाला तो तपासावा लागतो. शिवाय एक मीटरचा पोलादी शाफ्ट 10 अंशांनी तापला की सुमारे 0.11 मिमी वाढतो. मे महिन्यात पत्र्याच्या शेडमध्ये, कापण्याच्या उष्णतेत, सेंटर मधूनमधून सैल करून पुन्हा लावला नाही तर शाफ्ट मध्ये फुगतो.

आट्यांच्या बाबतीत गिअरबॉक्स दोन्ही पद्धती देतो, आणि आमच्याकडे दोन्ही लागतात. कॉलम पाइपचे आटे इंचाला 11 आणि 55 अंशांचे असतात, तर मेट्रिक नट-बोल्टचे 60 अंशांचे. जुन्या, इंची लीड स्क्रूच्या (आटे पाडताना हत्यार सरकवणाऱ्या लांब स्क्रूच्या) लेथवर अचूक मेट्रिक आटे पाडायचे असतील तर 127 दातांचा गिअर सोबत आहे का ते पाहावे, कारण पाच इंच म्हणजे बरोबर 127 मिमी होतात.

त्याच पैशात वापरलेला एचएमटीचा (हिंदुस्तान मशीन टूल्सचा) लेथ मिळत असेल आणि बेड चांगला असेल, तर मी तोच घेण्याचा सल्ला देईन. त्याचे ओतीव काम जड आणि स्थिर असते. बेड चकजवळ अधिक झिजतो, म्हणून सॅडलची (बेडवर सरकणाऱ्या, हत्यार वाहणाऱ्या भागाची) गिब (ढिलाई काढणारी पट्टी) चकजवळ बेताची घट्ट करावी आणि सॅडल टेलस्टॉककडे न्यावी. ती तेथे अडकली, तर चकजवळ बेड झिजलेला आहे असे समजून तो ग्राइंडिंगला पाठवण्याचा खर्च किमतीतून वजा करूनच बोलणी करावी.