सायबर फसवणुकीवरचं वस्तीतलं शिबिर: नक्की जा, आईवडिलांना घेऊन जा

शिकवणारे शेजारपाजारचेच स्वयंसेवक, त्यामुळे ज्येष्ठ मंडळी न लाजता प्रश्न विचारत होती, हे मला सगळ्यात जास्त आवडलं. नुसतं 'ओटीपी देऊ नका' एवढंच नाही, तर समोरचा आधी घाबरवतो, मग घाई करतो आणि शेवटी 'कोणाला सांगू नका' म्हणतो हा सगळा क्रम त्यांनी खोटा कॉल करून प्रत्यक्ष दाखवला, आणि तो कॉल मध्येच कट करायची प्रॅक्टिस प्रत्येकाकडून करून घेतली, हे फार भारी होतं. एआयने नातेवाइकाचा हुबेहूब आवाज काढता येतो म्हणून घरात एक गुपित शब्द ठरवा, बँकेला फोन करायचा तर कार्डामागचाच नंबर लावा, स्क्रीन शेअर करायला लावणारं ॲप कोणी सांगितलं म्हणून टाकू नका, हे पण नीट समजावलं. पैसे गेलेच तर लगेच बँकेला कळवायचं आणि मेसेज डिलीट करायचे नाहीत. आणि हो, 'गेलेले पैसे परत मिळवून देतो, आधी फी भरा' म्हणणारा पण ठगच असतो, हे तर बऱ्याच जणांना माहीतच नव्हतं!

कमी काय वाटलं तर तरुण मुलांसाठी वेळच दिला नाही, खोट्या नोकऱ्या आणि आपलं बँक खातं पैसे घेऊन ठगांना वापरायला देण्याचा विषय दोन वाक्यांत संपवला. फसलेल्या माणसाला मात्र कोणीच हसलं नाही, म्हणूनच लोक मोकळेपणाने बोलले.