बोगदा, डोंगर की जलमार्ग: 'टिकिट टू राइड'चा पहिला जोडनकाशा निवडताना

'टिकिट टू राइड' या शहरांमध्ये रेल्वेमार्ग जोडायच्या पटावरच्या खेळाचा 2004 सालचा मूळ पट खेळून खेळून पाठ झाला की जोडनकाशाची, म्हणजे त्याच खेळासाठी वेगळ्याने घ्यायच्या नव्या पटाची, हुक्की येते. बहुतेक जण चित्र बघून निवडतात. मी म्हणेन, मार्ग घेण्याचा नियम बघा. मूळ खेळात मार्गाच्या लांबीइतके एका रंगाचे पत्ते टाकले, तेवढे आपले रेल्वेचे डबे पटावर मांडले, संपलं. जोडनकाशे नेमकं इथेच बोट घालतात, आणि पहिल्या डावात वादही इथेच होतात.

पहिल्या खरेदीसाठी माझ्या मते दोन खोकी विचारात घेण्यासारखी आहेत, दोन्ही 2011 ची. पहिल्या मॅप कलेक्शनमध्ये आशियाचा पट, दोन बाजूंना दोन वेगळे खेळ. दुसऱ्यात एका बाजूला भारत, दुसऱ्या बाजूला स्वित्झर्लंड.

स्वित्झर्लंडपासून सुरुवात करू, कारण सगळ्यात जास्त घोळ बोगद्यांचा. आधी तुमचे पत्ते टेबलावर पडतात, मगच गठ्ठ्यातले वरचे तीन उलटायचे. उलटलेल्यांत तुमच्या रंगाचा किंवा इंजिनाचा (कुठल्याही रंगाच्या जागी चालणारा) पत्ता निघाला, की प्रत्येकामागे एक जादा पत्ता हातातून द्यायचा, त्याच रंगाचा नाहीतर इंजिनाचा. नसेल किंवा द्यायचा नसेल तर आपले पत्ते परत उचला. खेळी मात्र वाया गेली. आमच्याकडे पहिल्याच डावात एकाने जादा पत्त्याबरोबर जादा डबाही मांडायला घेतला होता. तसं नाही. डबे आणि गुण पटावर छापलेल्या लांबीइतकेच. आणखी एक बारकावा: बोगद्यासाठी नुसती इंजिनंच टाकली असतील, तर उलटलेल्यांत फक्त इंजिनं मोजायची.

हा जुगार किती महाग पडतो? एकूण पत्ते 110: आठ रंगांचे प्रत्येकी 12 आणि 14 इंजिनं. चार लाल पत्ते टाकून बोगदा घ्यायला गेलात, तर उरलेल्या 106 मध्ये जुळणारे 22. बाकीचे पत्ते कुणाकडे काय आहेत हे ठाऊक नसेल, तर साधारण 49 टक्के वेळा काहीच जादा लागत नाही, 40 टक्के वेळा एक लागतो, 10 टक्के वेळा दोन. तिन्ही जुळण्याची वेळ शंभरात एकदाही येत नाही. म्हणजे हाताशी एक पत्ता जादा ठेवला की दहापैकी जवळपास नऊ वेळा निभावतं. तरी ज्याचा बोगदा फसतो त्याचं तोंड बघण्यासारखं होतं, ते निराळं.

स्वित्झर्लंडमध्ये इंजिनं फक्त बोगद्यातच चालतात. उघड्या मार्गावर तो पत्ता कुचकामी. त्या बदल्यात समोर मांडलेल्यांतलं इंजिन इतर पत्त्यांसारखंच उचलता येतं, त्यासाठी दुसरी उचल गमवावी लागत नाही. मूळ खेळाची सवय असलेले हे हमखास विसरतात. डबेही 45 ऐवजी 40 च.

आशियातली 'लेजेंडरी एशिया' ही बाजू मला नियमाच्या दृष्टीने सगळ्यात स्वच्छ वाटते. डोंगरी मार्गावर फुल्या असतात. जितक्या फुल्या तितके डबे आपल्या साठ्यातून डोंगराच्या चौकटीत ठेवायचे, प्रत्येकाचे 2 गुण. पत्ते मात्र मार्गाच्या लांबीइतकेच. समजा, मार्ग चार डब्यांचा आणि फुल्या दोन: मार्गाचे गुण 7 अधिक फुल्यांचे 4, म्हणजे 11, आणि डबे गेले सहा. पटावरच्या सहा डब्यांच्या सरळ मार्गाला 15 मिळतात, म्हणजे हिशेबाने तोटाच. पण तिथे सहा पत्ते जमवावे लागतात, इथे चारांत काम होतं. शिवाय डबे झपाट्याने संपतात. कुणाकडेही दोन किंवा कमी उरले की डाव शेवटाला लागतो, त्यामुळे पुढे असलेल्याच्या हातात घाई करायचं हत्यार येतं. यात नशिबाचा भाग नाही, त्यामुळे भांडणही नाही. पलीकडची बाजू जोड्यांनी खेळायची, चार किंवा सहा जणांत. तेवढी माणसं नेहमी जमत असतील तरच तिचा उपयोग.

भारताच्या नकाशात मार्ग घेताना नवं फारसं नाही. जलमार्गावर इंजिनाची जितकी चिन्हं, तितके इंजिनाचे पत्ते द्यायचेच. खरी मजा शेवटी. तिकिट म्हणजे कुठली दोन शहरं जोडायची ते सांगणारा पत्ता; एका तिकिटाची दोन शहरं दोन वेगळ्या वाटांनी जोडली तर वेगळे गुण. शंका हमखास येते ती 'वेगळ्या'वर: तोच डबा दोन्ही वाटांत धरता येत नाही. त्यामुळे पहिल्या चालीपासून माणूस वेटोळी आखायला लागतो, आणि मधला एक छोटा मार्ग कुणी घेतला की हात चोळत बसतो.

दोघे किंवा तिघेच खेळत असाल तर दुसरं खोकं घ्या. स्वित्झर्लंड तेवढ्यांसाठीच आहे आणि भारत चौघांपर्यंत जातो. पाच जण बसत असतील तर प्रश्नच मिटला, आशिया. फासा-पत्त्यांच्या नशिबावर चिडणारा कुणी गटात असेल तरीही आशियाच. मी स्वतः मात्र अजून स्वित्झर्लंडचाच पट जास्त वेळा उघडतो, बोगद्यात दोनदा आपटूनही.

आणि घेण्याआधी एक तपासा: या खोक्यांत डबे आणि रंगांचे पत्ते नसतात. ते मूळ पटातून किंवा 2005 च्या 'टिकिट टू राइड: युरोप' या खेळातून घ्यावे लागतात. युरोप आधीच घरात असेल तर बोगदे आणि जलमार्ग तुम्ही शिकलेलेच आहात.